दोराला उत्तर

१

रंभाची हवेची टाकी नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं पुलगावला उतरायची. बाजारात आमची भाजी विकून झाली की बैलबंडी तशीच टेशनावर जायची. आमचा गडी तानबा वांग्यांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये ती पिवळी लोखंडी टाकी निजवायचा आणि नाचणगावच्या मळ्यात आणायचा. पुलगावला दारूगोळ्याचं कोठार, त्यामुळे वाटेत कोणी ना कोणी विचारायचंच, "काय रे, बाम घेऊन चालला का?"

"पोरीचा श्वास हाये," तानबा सांगायचा. "नागपूरवरून भरून आनला. आपल्या गावची हवा पुरत नाई तिले."

ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. रंभा माझ्या धाकट्या दिराची, दौलतरावांची मुलगी. तिची आई लवकर गेली. न्हाऊ घालायला मी, शाळेत घालायला मी, आणि बापाशी भांडायलाही मीच. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.ला लागली. विषय काय, तर विहिरीतला स्पंज. विहिरीच्या दगडांना पाण्याखाली हिरवट, मऊ असं काही चिकटलेलं असतं. आम्ही त्याला शेवाळ समजून जन्मभर पाय घसरून पडलो. ती म्हणायची, मोठीआई, हा जीव आहे, याला तोंडं आहेत.

तिचे गुरू दोन, दोघेही हट्टी. नागपूरचे गाईड म्हणाले, तळापासून वरपर्यंतचे नमुने स्वतःच्या हातानं काढून आणा, तरच विषय नोंदवतो. पाण्याखाली काम करायला शिकायचं म्हणून ती आदल्या वर्षी गोव्याला पाणबुड्यांचा पहिला कोर्स करून आली होती. आता पुढच्या कोर्सचं बोलावणं आलं, तर तिथले शिक्षक म्हणाले, संशोधनाची नोंदणी झालेल्यांनाच घेऊ. एकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. वर गाईड चेष्टा करायचे, "कल्ले फुटले की कळवा, तुमच्यावरच प्रबंध लिहू."

आणि दौलतरावांनी दिला होता एक उन्हाळा. तेवढ्यात दोन्ही जमलं तर ठीक, नाहीतर आर्वीचं स्थळ तयार होतं. "माश्याच्या जल्माले आली का पोरगी माही?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे.

मी शाळेत गेले नाही. पण मला वाचता येतं, पोहता येतं आणि माणूस खोटं बोलला की कळतं. पहिल्या दोन गोष्टी माझ्या मी शिकले, तिसरी सासरच्यांनी शिकवली. म्हणून मीच ठरवलं, पोरीनं सराव आमच्या मळ्यातल्या विहिरीत करायचा. दोर मी धरीन.

२

विहीर मोठी, दगडानं बांधलेली. पाण्यापर्यंत पायऱ्या, आणि उन्हाळ्यातही हत्ती बुडेल एवढं पाणी. मोटार बंद ठेवायची, टाकी पाठीवर बांधायची आणि रंभा उतरायची. तिच्या कंबरेला दोराचं एक टोक, दुसरं काठावर माझ्या हातात.

आमच्यात विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरला की दोर झाडाला बांधत नाहीत. वरच्यानं तो हातातच धरायचा. मधूनमधून एक हिसका द्यायचा, खालच्यानं एक हिसका परत द्यायचा. बरा आहे. लांब ओढ वरून आली तर वर ये, खालून आली तर मला वर घे. आणि सगळ्यात मोठा नियम, हिसका आला की त्याला उत्तर द्यायचंच. हातात भाकरी असो, मांडीवर लेकरू असो. हे डोक्यानं करायचं काम नाही, हाताला लावून घ्यायची सवय आहे. रंभानं गोव्याला सांगितलं तेव्हा तिथले शिक्षक म्हणे खूश झाले. त्यांचीही रीत जवळजवळ हीच.

दोर नवा होता, अंबाडीचा. नवा दोर ताठ असतो, हाताला सोलतो. म्हणून टोकाला दगड बांधून तो काही दिवस विहिरीत भिजत सोडला होता. काढायला आम्ही दोघी गेलो. रंभानं पायरीवर बसून दोर हातात घेतला, आणि ओढणार तोच थांबली.

"मोठीआई, हिसका आला."

"दगड हलला असन."

"नाई. आला." तिनं हसत हसत एक हिसका परत दिला. "घ्या. बरी हाये मी. तुम्ही बरे हा काय?"

मीही हसले. कासव असेल म्हटलं. आमच्या विहिरीत एक म्हातारं कासव होतं. दोर वर काढला, दगड त्याच्या जागी होता. दोघींनी दोर उन्हात पसरला आणि घरी जाऊन जेवलो.

३

पहिल्या काही बुड्या चांगल्या झाल्या. ती खाली जायची, मी काठावर लिंबाच्या सावलीत. बुडबुडे मूठ मूठ वर यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. तिनं मला समजावून सांगितलं होतं. तोंडातली नळी आपण ओढू तेव्हाच हवा देते, एरवी बंद. म्हणजे ते बुडबुडे तिचे श्वास होते. मी काठावर बसून तिचा श्वास पाहायची. पोटच्या पोरीचाही श्वास कोणी असा पाहिला नसेल.

एका दुपारी ती वर आली. काचेचा मुखवटा कपाळावर सरकवून म्हणाली, "मोठीआई, दोन दोन हिसके काऊन देता? मी घाबरतो ना. दोनचा काई अर्थच नाई आपल्यात."

"मी एकच देतो."

"नाई. एक येते. मी उत्तर देतो. मंग लगेच आनखी एक येते, हलका."

मलाही तसंच येत होतं. मी एक द्यायची, खालून एक यायचा, आणि मागून एक हलका. मी समजत होते, पोरगी दोनदा देते आहे.

"तू किती देते?" मी विचारलं.

"एकच."

दोघींनी दोराकडे पाहिलं. तो पायरीवर वेटोळं होऊन पडला होता. त्यातून पाणी गळत होतं.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी समोर उभी राहून विचारते, दिल्लीत पाऊस पडतोय का सांग. आजवर कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून मी कारणं मांडली. दोर ओला, लांब, मध्ये झोळ पडतो. हिसका झोळातून जाऊन काठाच्या दगडाला लागतो आणि परत येतो, जसा विहिरीत आवाज परत येतो. रंभाला पटलं. उलट तिनंच यापेक्षा मोठ्या शब्दांत तेच सांगितलं.

तरी मी म्हटलं, पाहू. त्या दिवशी पायरीवर बसून, कुजबुजत, आम्ही खूण बदलली. यापुढे बरी आहे म्हणजे दोन. मी दोन देईन, तिनं दोन द्यायचे. आवाज परत येत असेल तर दोनच परत येतील.

ती उतरली. बुडबुडे लांब गेले. मी दोन दिले.

आधी एक आला. स्वच्छ, एकच. जुनी खूण. मग जरा थांबून दोन आले, रंभाचे, घाईचे.

ती वर आली तेव्हा ओठ पांढरे. "तुम्ही विसरल्या काय? आधी एक देल्ला, मंग दोन."

"हाव," मी म्हटलं. "विसरले."

आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले आहे. ते बोलले आणि दोराचं वेटोळं करायला बसले. आवाज जे दिलं तेच परत देतो. दोन दिल्यावर एक देत नाही. एक तोच देईल, ज्याला अजून जुनीच खूण माहीत आहे. आणि जे काही होतं ते वर एक मला देत होतं, खाली एक तिला. म्हणजे दोराच्या या टोकाला मी, त्या टोकाला पोरगी, आणि दोर आणखी कुठेतरी, मध्ये, धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोन दिले. लगेच दोन आले. मग आणखी दोन.

ते शिकलं होतं.

५

"बस झालं," मी म्हटलं. "आता उतरायचं नाई."

आम्ही स्वयंपाकघरात होतो. तिनं पाटावर काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या, त्यात स्पंजचे तुकडे. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तेवढी माझ्या हातची होती.

"मोठीआई, आता तळाचाच नमुना राह्यला. तो नेल्ला की नोंदनी. अन् आंधळी बुडी एकदा झाली की गोव्याले जाता येते मले." आंधळी बुडी म्हणजे मुखवट्याच्या काचेला आतून काळा कागद लावून, काहीही न दिसता, नुसत्या हातांनी काम करायचं. गोव्याला पहिल्याच दिवशी तीच परीक्षा होती. "दोन्ही एकाच बुडीत करतो. मंग त्या विहिरीचं तोंड पाहत नाई मी."

"नमुना दुसऱ्या विहिरीचा ने."

"सगळे नमुने हिचे हायेत. तळ दुसऱ्या विहिरीचा कसा नेऊ? खोटं लिहू काय?"

खोटं लिही असं मी कसं सांगणार?

दौलतराव बाहेरच्या ओट्यावर पान लावत ऐकत होते. "वहिनी, तुमाले भेव लागते तं मी धरतो ना दोर. त्यात काय हाये? बैलाचा कासरा धरतो तं पोरीचा धरता येत नाई काय?"

"तुम्ही कासरा धरून झोपता, भाऊजी. बैल घरी येते म्हनून तुम्ही येता."

तानबा बाहेर खो खो हसला. दौलतराव रागावले आणि म्हणाले, उद्या मीच धरतो, पाहून घ्या. आणि तो माणूस खरंच धरेल, आणि धरून कोणाशी तरी कपाशीच्या भावाच्या गप्पा मारेल, हे मला माहीत होतं.

"दोर मीच धरीन," मी म्हटलं.

६

भर दुपारी ऊन सरळ विहिरीत पडतं. तळ दिसत नाही, पण पाणी बरंच खोलवर हिरवं उजळतं. म्हणून मी ती वेळ घेतली. आणि काठावर न बसता पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर बसले, पदर खोचून. खूण आम्ही पुन्हा बदलली होती. ती सांगताना तोंडानं बोललो नाही. मी तिच्या तळहातावर बोटानं दाबून सांगितलं, तीन.

काळा कागद लावलेला मुखवटा घालून रंभा पाण्यात गेली. आंधळ्या माणसासारखी भिंत चाचपत. मग डोकं बुडालं.

मी तीन दिले. तीन आले. मागून काही आलं नाही.

मी थांबले. पुन्हा तीन दिले. तीन आले. मागून काहीच नाही. मला वाटलं, गेलं. झोळच होता. मी स्वतःला चार शिव्या दिल्या आणि पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली.

तेव्हा मला बुडबुडे दिसले.

ते उगवतीच्या भिंतीला येत होते, जिथे मोटारीचा पाइप उतरतो. मूठ मूठ. आणि दोर माझ्या हातातून मावळतीकडे जात होता, तिरपा, ताठ, पाण्याखालच्या अंधारात. दोन्हींच्या मध्ये अख्खी विहीर.

मी पुन्हा तीन दिले. मावळतीकडून तीन आले, शांत, अगदी रंभा देते तसे.

दोराच्या टोकाला पोरगी नव्हती. पोरगी श्वासाच्या खाली होती. मग बरी आहे असं मला कोण सांगत होतं?

मग लांब ओढ आली. मला वर घे.

माझे हात ओढायला लागले. मी नाही ओढलं, हातांनी ओढलं. त्या हातांनी जन्मभर हेच केलं होतं. दोर जड होता, पण येत होता. माणसाच्या वजनानं येत होता. हात-दोन हात दोर वर आला आणि तिकडे उगवतीला बुडबुडे दाट झाले, भराभर यायला लागले. तिथे माझं लेकरू घाबरलं होतं.

वरच्या माणसानं दोर सोडायचा नसतो. आमच्यात त्याहून मोठं पाप नाही. मी सोडला.

तो पाण्यात पडायला हवा होता. पडला नाही. उपाशी माणसानं शेवया ओरपाव्यात तसा तो सरसर आत गेला, पायरीवरचं सगळं वेटोळं, शेवटच्या टोकापर्यंत.

मी उगवतीकडे उडी मारली. लहानपणापासून गावच्या विहिरीत पडलेल्या बादल्या मीच काढत आले, मला पाण्याची भीती नाही. पाइप धरून खाली गेले. रंभा भिंतीला चिकटली होती, डोकं खाली, पाय वर. दगडांच्या सांध्यांत बोटं घालून ती खाली खाली चढत होती. काही दिसत नव्हतं तिला. ती समजत होती, वर चाललोय. तिची वेणी धरली, तर ती माझ्याशी झुंजली. टाकी जड. पट्ट्याची कडी कशी सोडायची ते तिनंच शिकवलं होतं. ती सोडली, टाकी खाली गेली. नळी तिच्या तोंडातून निघाली आणि मी तिला घेऊन वर आले.

तिच्या कंबरेला दोर नव्हता. तुटलेला नव्हता, तुकडाही नव्हता. गाठ कोणीतरी सोडली होती. ओली अंबाडीची गाठ दातांनीसुद्धा सुटत नाही.

७

पुढचं आधी सांगून टाकते, कारण लोकांना तेच हवं असतं.

रंभा वाचली. आज ती डॉक्टर रंभा आहे, कॉलेजात शिकवते. तिनं गोव्याचं बोलावणं जाऊ दिलं. विषय बदलला. तलावाकाठच्या गोगलगाई घेतल्या, ज्या गुडघाभर पाण्यात मिळतात. गाईड कुरकुरले, पण त्यांनी नोंदणी केली. आर्वीचे पाहुणे आले तेव्हा दारात मी उभी होते. ते चहाही न घेता गेले.

तिनं सांगितलं ते एवढंच. वरून लांब ओढ आली, वर ये. दिसत नव्हतं म्हणून ती दोराला धरून निघाली. दोर नेईल तिकडे गेली. मग दोर हातातून नाहीसा झाला, तर भिंत धरून तशीच पुढे. "तुम्ही वर घेऊन राह्यल्या असंच वाटे मले," ती म्हणाली. तोवर मी ओढ दिलीच नव्हती.

विहिरीवर दौलतरावांनी लोखंडी जाळी बसवली. मोटार चालू आहे, भाजी अजून त्याच पाण्यावर होते. लोक खातात, मीही खाते. टाकी हरवली असं नागपूरला कळवलं. दोर आणि टाकी दोन्ही तिथेच आहेत. काढायला कोणी उतरलं नाही, मी उतरू दिलं नाही.

८

पण त्या दुपारचं थोडं राहिलं आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी रंभाला शेवटच्या पायरीवर बसवलं. मुखवटा काढला. रंभाच होती, खोकत होती, थरथरत होती. मी तिची पाठ चोळत होते. माझा आरडाओरडा ऐकून दौलतराव काठावर आले. पायऱ्या भिंतीच्या आडोशाला आहेत, वरून आम्ही दिसत नव्हतो.

"वहिनी! पोरगी आली काय वर?"

"आली! माझ्याजवळ हाये!"

मग दौलतरावांचा आवाज आला, पण तो ओरडण्याचा नव्हता. "मंग खाली कोन हाये?"

मी पाण्याकडे पाहिलं. मधोमध, जिथे टाकी पडली असणार तिथून, बुडबुडे येत होते.

"टाकी हाये!" मी ओरडले. "टाकी गळून राह्यली!"

गळकी टाकी सारखी गळते. हे येत होते मूठभर, थांबत होते, पुन्हा मूठभर. आधी अडखळत. दोन लागोपाठ, मग खूप वेळ काहीच नाही, नवं काही शिकणाऱ्यासारखे. मग नीट. संथ. एखाद्यानं पुष्कळ काळानंतर पोटभर श्वास घ्यावा तसे.

आम्ही तिघं पाहत राहिलो. दौलतराव वर, आम्ही खाली.

"टाकीत आता थोडीच उरली असन," रंभा हळूच म्हणाली.

बुडबुडे लहान झाले. मग जवळजवळ यायला लागले. भराभर, उथळ, एकावर एक. असा श्वास मी पाहिला होता, थोड्याच वेळापूर्वी, उगवतीच्या भिंतीला. रंभा उठली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. तिच्या अंगात ताकद नव्हती, तरी ती पुन्हा उठली आणि मला दोन्ही हात लावावे लागले.

"मोठीआई," ती रडत म्हणाली, "घाबरलं ते. वर घ्या न त्याले."

ओढायला दोर नव्हता. तो मीच सोडला होता. असता तर मी काय केलं असतं, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. कोणी विचारूही नये.